भूस्रोत उष्णता पंप : जमीन आणि नळ्या (सोनिवली परिसर)

भूस्रोत उष्णता पंप : जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून पाणी फिरवून इमारतीतील उष्णता जमिनीत सोडणारी वा जमिनीतून घेणारी यंत्रणा. वज्रेश्वरी–गणेशपुरीच्या गरम झऱ्यांशी तिचा संबंध नाही.

तापमान : काही मीटर खाली जमीन हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास स्थिर राहते. बदलापूरलगतच्या सोनिवलीत (जि. ठाणे) ते सुमारे २७–२८° से. धरता येते. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हा फरक उपयोगी. पावसाळ्यात हवाच तेवढी उतरते. थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतून काढलेली उष्णता उन्हाळ्यात परत भरली जाते. येथे काढणे जवळपास नाहीच, भरच पडते. बोअर दाटीने घेतल्यास कातळ वर्षागणिक तापत जातो.

खडक : वर माती व मुरूम, खाली दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट. घट्ट काळ्या पाषाणाची उष्णता-संवाहकता साधारण १.५ ते २ वॅट प्रतिमीटर-केल्विन. ग्रॅनाइटची ३ च्या आसपास. पण ग्रॅनाइट हाती लागणारा नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे घेतलेल्या वेधनछिद्रात बेसाल्टचा थर ३३८ मी. जाडीचा निघाला, कोयना परिसरात तो सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. शंभर-दीडशे मीटरचे बोअर त्यातच संपते. मांजऱ्या खडकाच्या (सच्छिद्र बेसाल्टच्या) भोकांत हवा असेल तर संवाहकता घसरते. पाणी भरले की सुधारते. संधींतून वाहणारे भूजल साठलेली उष्णता पुढे नेते, म्हणून पाण्याचे बोअर कोरडे गेलेली जागा उष्णता पंपासाठीही कमअस्सलच समजावी. भातखाचरातील काळ्या मातीत आडव्या नळ्या पुरल्यास उन्हाळ्यात माती आकसते, भेगा पडतात आणि नळीभोवती पोकळी राहते.

नळ्या : एचडीपीईच्या, इंग्रजी ‘यू’ आकारात. प्लॅस्टिकची संवाहकता सुमारे ०.४, म्हणजे खडकाहून बरीच कमी. प्रवाह संथ झाला तर उष्णता नळीच्या भिंतीपर्यंत नीट पोचत नाही. नळी फार बारीक घेतली तर पंपच वीज खातो. स्वीडनमध्ये नळीभोवतीचे छिद्र भूजलाने भरलेले ठेवतात. सोनिवलीत मुरमापुरते केसिंग घालून खालचे बोअर तसेच सोडले, तर मे महिन्यात पाणी उतरल्यावर नळीचा वरचा भाग हवेत लोंबकळतो, तेही गारव्याची गरज सर्वाधिक असताना. छिद्र बेंटोनाइट व वाळूच्या मिश्रणाने तळापासून वर भरत आणणे हाच उपाय. नुसते बेंटोनाइट उष्णता कमी वाहते.

इतिहास : स्वित्झर्लंडच्या हाइनरिख झोएली यांचे या कल्पनेवरील पेटंट १९१२ चे.