कुंडीतील रोपांचा पिवळेपणा व पोषणदोष

कुंडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा ट्रेमध्ये वाढणाऱ्या कोवळ्या रोपांच्या पानांतील हरितद्रव्य घटून पाने फिकट, पिवळी किंवा पांढुरकी होणे. बागाईतदार याला ‘केवडा पडणे’ असेही म्हणतात. पिवळेपणा हे लक्षण आहे. त्यामागे पाणी, मुळे, मातीचा सामू, क्षार, अन्नद्रव्यांची कमतरता, कीड किंवा विषाणू यांपैकी एक वा अनेक कारणे असतात. कुंडीत सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे खत असूनही ते मुळांना घेता न येणे. म्हणून निदानात खताचा विचार शेवटी करतात. प्रस्तुत नोंदीत भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी व तानसा खोऱ्याची परिस्थिती विशेष लक्षात घेतली आहे.

नैसर्गिक पिवळेपणा. प्रत्येक पिवळे पान दोषाचे नसते. बी रुजल्यावर पहिली दोन दलपत्रे आपला साठा रोपाला देऊन पिवळी होतात व गळतात. खालचे एखादे जुने पान अधूनमधून गळणे हा वाढीचाच भाग आहे. आंब्याची नवी पालवी तांबूस येते आणि पुढे हिरवी होते. तिला औषध लागत नाही. क्रोटन, मनीप्लँट यांच्या काही जातींत पिवळे पट्टे उपजत असतात. शेंडा जोमदार असेल आणि नवी पाने नेहमीच्या आकाराची येत असतील, तर काही करू नये.

आधी कोणते पान? नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात फिरती असतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवते. त्यामुळे लक्षणे खालच्या पानांवर प्रथम दिसतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन ही द्रव्ये एकदा जिथे बसली तिथून सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव नव्या पानांत व शेंड्यात दिसते. गंधक, मंगल व जस्त यांची लक्षणेही बहुधा वरच्या पानांकडून सुरू होतात. निदानाचा पहिला प्रश्न म्हणूनच ‘पिवळेपणा खालून वर चढतो आहे की वरून खाली उतरतो आहे’ हा असतो.

लक्षणे. *नत्र :* खालचे पान शिरांसकट सारखे पिवळे होते; रोप खुरटते, काडी बारीक राहते. *स्फुरद :* पाने पिवळी न होता गडद हिरवी व मागून जांभळट होतात. थंडीत हे अधिक दिसते. *पालाश :* जुन्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपतात. *मॅग्नेशियम :* जुन्या पानात शिरांमधला भाग पिवळा होतो, देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो. *गंधक :* नवी पाने शिरांसकट फिकट होतात. नत्राच्या उणिवेशी गल्लत होते, मात्र सुरुवात उलट टोकाकडून असते. *लोह :* नवे पान पिवळे, पण शिरांची जाळी हिरवीगार; तीव्र अवस्थेत पान पांढरे पडते. *जस्त :* पाने लहान व अरुंद राहतात, पेरी आखडतात. *कॅल्शियम :* कोवळा शेंडा वाकडा होऊन करपतो.

शिरांचा रंग निदानात निर्णायक ठरतो. लोहाच्या उणिवेत शिरा हिरव्या राहतात. भेंडीवरील यलो व्हेन मोझॅक या विषाणुरोगात उलट शिराच पिवळ्या होतात. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यावर कोणत्याही खताचा उपाय चालत नाही. पानावर बारीक फिकट ठिपके असतील तर पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी होय.

मुळांची पाहणी. पानावरून अंदाज बांधल्यावर रोप कुंडीतून काढून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. खोड दोन बोटांत धरून कुंडी उलटी करावी व काठ हलका ठोकावा. मातीचा गोळा अखंड बाहेर येतो. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतात. तपकिरी मुळे चिमटीत धरून ओढल्यावर साल निसटून आत दोऱ्यासारखा गाभा उरला आणि मातीला आंबूस वास आला, तर ती मूळकूज आहे. मुळांवर गाठी असल्यास सूत्रकृमींची शंका घ्यावी. मात्र चवळी, वाल यांसारख्या शेंगवर्गीय रोपांवरील गाठी नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या व उपकारक असतात. मुळे कुंडीच्या आकाराची गोल गुंडाळी झालेली असतील तर खतापेक्षा मोठ्या कुंडीची गरज आहे.

पाणी व वाफसा. मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याच्या स्थितीला वाफसा म्हणतात. कुंडीत तो टिकवणे शेतापेक्षा अवघड असते. पाणी निथळून गेल्यावरही कुंडीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर राहतो. ओला स्पंज उभा धरला तरी त्याचा खालचा भाग ओथंबलेला राहतो, तसाच. या थराची जाडी मातीच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडीत व ट्रेमध्ये मुळांचा मोठा वाटा पाण्यात राहतो. तळाशी खडी भरल्याने निचरा सुधारत नाही. ओथंबलेला थर तेवढा वर सरकतो. छिद्रावर माती अडवण्यापुरती एक खापरी पुरते.

हवा न मिळालेली मुळे अन्नद्रव्ये उचलू शकत नाहीत. मग माती कितीही कसदार असली तरी रोप उपाशी दिसते. तहानलेल्या आणि गुदमरलेल्या रोपाची पाने सारखीच मलूल होतात. त्यामुळे पाणी घालण्यापूर्वी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहावे किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. दारातली तुळस हे याचे नेहमीचे उदाहरण. घरातील प्रत्येक जण आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घालतो आणि खालून सुरू झालेला पिवळेपणा आठवडाभरात वर चढतो. पूजेचे पाणी पळीभर घालून उरलेले दुसऱ्या झाडाला द्यावे. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर तुळशीची शक्ती बियांत न जाता पानांत राहते.

सामू व लोहाची कोंडी. पानातील लोहाचे महत्त्व १९व्या शतकाच्या मध्यास यूझेब ग्री या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिले. पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचे द्रावण लावल्यावर ती हिरवी झाली. लोह हा हरितद्रव्याचा घटक नाही (त्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते), पण हरितद्रव्य तयार होण्यास लोह लागते. सामू साधारण ७.५ च्या वर गेला की मातीतील लोह अविद्राव्य होते.

उत्तर कोकणातील माती मुख्यतः काळ्या पाषाणापासून बनलेली असून तिच्यात लोहाची वाण नसते. गणेशपुरीच्या उतारावरील तांबूस वरकस माती आणि भातखाचरातील चिकण माती, दोन्हींचा सामू सहसा किंचित आम्ल ते उदासीन असतो. तरीही याच मातीने भरलेल्या कुंडीत मोगरा, जास्वंद, लिंबू यांच्या नव्या पानांवर केवडा दिसतो, कारण कोंडी बाहेरून येते : नव्या सिमेंटच्या कुंडीतून सुटणारा चुना, बांधकामाचा राडारोडा मिसळलेली माती, चुलीतील राखेचा सततचा वापर आणि बायकार्बोनेटयुक्त बोअरचे पाणी. भाताच्या रोपासाठी जमीन भाजण्याची राबाची पद्धत या भागात जुनी आहे. तिथली राख पावसात धुऊन मोठ्या क्षेत्रात पसरते. कुंडीतली राख जागीच साचते. कोरड्या मातीवर थोडा व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले तर मातीत चुना आहे असे समजावे.

*पानावरील चाचणी :* १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट (हिराकस) व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवावे. मोगऱ्याच्या एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर हे द्रावण संध्याकाळी कापसाने लावावे आणि उरलेला अर्धा भाग तसाच ठेवावा. आठ-दहा दिवसांत लावलेला भाग हिरवा झाला तर उणीव लोहाची आहे; मग त्याच प्रमाणात पूर्ण रोपावर फवारणी करावी. हिराकसाचे खडे फिकट हिरवे असावेत. तपकिरी, गंजल्यासारखी पूड जुनी असते व तिचा उपयोग होत नाही. द्रावणाचे डाग लादीवरून निघत नाहीत, म्हणून कुंडी अंगणात नेऊन फवारावे. मूळ दोष सामूचा असल्याने फवारणीचा गुण तात्पुरता असतो. माती बदलणे व शक्य तेथे पावसाचे पाणी वापरणे हा टिकाऊ उपाय.

क्षार व अतिखत. पानांची टोके करपणे, माती ओली असूनही रोप मलूल होणे आणि मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर चढणे ही क्षार साचल्याची खूण आहे. कच्चे शेणखत, ताजे कोंबडखत, खोडाला चिकटून टाकलेले डीएपीचे दाणे यांनी कोवळी मुळे भाजतात. अशा वेळी खत थांबवून कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधे पाणी सावकाश ओतून निथळू द्यावे.

गणेशपुरी, वज्रेश्वरी व अकलोली येथील गरम पाण्याची कुंडे प्रसिद्ध आहेत. हे पाणी गंधकाचे म्हणून झाडांनाही मानवेल, असा समज करून घेऊ नये. पश्चिम किनारपट्टीवरील या झऱ्यांच्या पाण्यात सोडियम व कॅल्शियमची क्लोराइडे विरघळलेली असतात. निवल्यावरही ते क्षारयुक्तच राहते आणि त्यातले क्षार कुंडीतल्या मर्यादित मातीत लवकर साचतात. रोपांना ते घालू नये. कोकोपीट वापरताना हीच काळजी घ्यावी : नारळाच्या काथ्यात पालाश व सोडियमचे क्षार असतात, म्हणून भिजवलेले कोकोपीट दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यावे.

कच्च्या सेंद्रिय पदार्थांमुळे नत्राची ओढ. लाकडाचा भुसा, पेंढ्याचा चुरा, अर्धवट कुजलेला पालापाचोळा यांत कर्ब फार व नत्र थोडे असते. ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र स्वतःसाठी उचलतात आणि रोप खालून पिवळे पडते. खत काळसर, भुसभुशीत झाले असेल, त्याला ओल्या मातीचा वास येत असेल आणि ढीग गरम लागत नसेल तरच ते कुंडीत घालावे.

कलमे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली. आंब्याच्या कोयकलमाच्या प्रसारात त्याचा मोठा वाटा आहे. १९९० पासून राज्यात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि पिशवीतल्या कलमांची मागणी वाढली. कलमाच्या पिवळेपणाला दोन खास कारणे असतात. जोडावर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी वेळेवर न सोडल्यास ती सालीत रुतते, अन्नरसाचा मार्ग आवळते आणि वरचे पान फिकट पडते. जोड पक्का झाल्यावर पट्टी ब्लेडने उभी कापून काढावी. दुसरे म्हणजे जोडाखालून येणारी खुंटाची फूट. ती जोमाने वाढते व वरच्या डोळकाडीला उपाशी ठेवते. कोवळी असतानाच ती खुडावी.

ऋतुमान. या परिसरात वर्षाला सुमारे २,५०० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये. *पावसाळ्यात* नत्र, विशेषतः नायट्रेट, धुऊन जाते आणि मुळे पाण्यात राहतात. कुंड्या पागोळीखाली ठेवू नयेत, तळाशी विटा द्याव्यात, बशा काढून टाकाव्यात. सततच्या पावसात मातीत घातलेले विद्राव्य खत वाया जाते. उघडीप मिळाल्यावर थोडे द्यावे. *ऑक्टोबरच्या* उन्हात सावलीला सरावलेली पाने पिवळसर पांढरी होऊन भाजतात. कुंड्या हळूहळू उन्हात आणाव्यात. *हिवाळ्यात* वाढ मंदावते, म्हणून खत निम्मे करावे. *एप्रिल-मे* महिन्यांत बोअरच्या पाण्याचे क्षार साचतात व लाल कोळी वाढतो. पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारावा.

पोषणाची पद्धत. भातखाचराची माती एकटीच कुंडीत भरली तर वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. तांबडी माती दोन भाग, धुतलेले कोकोपीट एक भाग, कुजलेले शेणखत वा गांडूळखत एक भाग आणि निचऱ्यासाठी जुने भाताचे तूस असे मिश्रण करावे; त्यात कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. खरी दोन पाने येईपर्यंत खत देऊ नये. पुढे ८ इंची कुंडीला महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते. वाढ थांबल्यास १९:१९:१९ हे विद्राव्य खत १ लिटर पाण्यात १ ते २ ग्रॅम या प्रमाणात, माती आधी ओलवून, पंधरा दिवसांतून एकदा द्यावे. युरियात ४६ टक्के नत्र असते. कोवळ्या रोपांना तो मुळाशी देणे टाळावे. मॅग्नेशियमची उणीव दिसल्यास १ लिटर पाण्यात १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून फवारावे. एका वेळी एकच उपाय करावा आणि दोन आठवडे थांबावे; चार उपाय एकदम केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

साध्यासाध्यता. पूर्ण पिवळे झालेले जुने पान सहसा पुन्हा हिरवे होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे नंतर फुटणाऱ्या पानांवरून ठरवावे. मूळकुजीत निम्म्याहून अधिक मुळे पांढरी असतील तर कुजलेली कापून कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात रोप पुन्हा लावावे व नवी फूट येईपर्यंत खत देऊ नये. विषाणुग्रस्त रोप उपटून नष्ट करावे. पुष्कळ कुंड्यांत एकाच वेळी दोष दिसल्यास कारण पाण्यात किंवा मिश्रणात असते. अशा वेळी मातीचा व पाण्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा मृद चाचणी प्रयोगशाळेतून तपासून सामू व विद्युत वाहकता जाणून घ्यावी. एखादीच कुंडी पिवळी पडली असेल तर तिचे छिद्र बुजले आहे का, हे सर्वांआधी पाहावे.