अंधाराची बाजारपेठ : घरगुती जनित्राच्या विक्रीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शहरे विजेने उजळली होती. पण तारा वेशीपाशीच थांबत. विखुरलेल्या शेतघरांसाठी मैलोगणती खांब रोवणे वीज कंपन्यांना परवडत नसे.

हा अंधार हीच बाजारपेठ आहे, हे ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांनी हेरले. मोटारीचा विजेवर चालणारा स्टार्टर घडवणारे केटरिंग शेतावरच वाढलेले होते. १९१६ मध्ये ‘डेल्को-लाइट’ बाजारात आले : रॉकेलवर चालणारे छोटे इंजिन, त्याला जोडलेले जनित्र आणि काचेच्या बरण्यांतील बॅटऱ्या. वीज ३२ व्होल्टची.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा खर्च मोठा होता. म्हणून जाहिराती यंत्रापेक्षा घरातील कष्टांविषयी अधिक बोलत. पाणी उपसणे, कपडे धुणे, कंदील सांभाळणे यांत जाणारा वेळ व श्रम वाचले की यंत्र आपली किंमत स्वतःच फेडते, असा त्यांचा युक्तिवाद असे.

१९३५ मध्ये रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापले. पुढे सहकारी संस्थांच्या तारा शेतांपर्यंत पोहोचल्या. ३२ व्होल्टची उपकरणे त्या विजेवर चालेनात आणि ही यंत्रे अडगळीत गेली.

पण तारही खंडित होते. ९ नोव्हेंबर १९६५ च्या सायंकाळी न्यूयॉर्कसह ईशान्य अमेरिकेत व कॅनडाच्या काही भागात सुमारे ३ कोटी लोक अंधारात सापडले. जनित्राचे आजचे गिऱ्हाईक याच भीतीतून येते. पूर्वी ते विकत घेई तो तार न पोहोचलेला शेतकरी. आता घेतो तो तारेवर सर्वस्वी विसंबलेला घरमालक.