कागदीपुरा ते भंगार गल्ली

मराठी मुसलमानांचा इतिहास सांगायची वेळ आली की आपण दोन-तीन ठरलेल्या दारांतूनच आत शिरतो. एक दार किल्ल्यांचे आणि सरदारांचे, दुसरे सुफी आणि संतकवींचे, तिसरे फार तर शाहिरांचे. ही दारे खोटी नाहीत. पण आपल्यातले बहुसंख्य लोक या दारांतून आलेले नाहीत, हे आपली आडनावेच सांगतात. पिंजारी, शिकलगार, अत्तार, तांबोळी, बागवान, मोमीन, कागदी. ही कामांची नावे आहेत. त्यातही काही कामे अशी की जुने, निकामी झालेले पुन्हा वापरात आणायचे. पिंजारी गठ्ठे पडलेला कापूस पिंजून जुनी गादी नवी करी, शिकलगार बोथट हत्याराला धार लावी, कल्हईवाला उतरलेले भांडे पुन्हा चुलीवर चढण्याजोगे करी. आज या गोष्टीला ‘पुनर्वापर’, ‘रिसायकलिंग’ अशी भारदस्त नावे आहेत. तेव्हा नाव नव्हते, नुसती मजुरी होती.

या मोठ्या कुटुंबातल्या दोघांविषयीच आम्ही येथे लिहिणार आहोत. एक कागदी, दुसरा भंगारवाला. पहिला जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. दुसरा रोज दारावर येतो, पण इतिहासात त्याला जागा असू शकते असे आपल्याला वाटत नाही.

‘कागद’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि ‘रद्दी’चे मूळ अरबी ‘रद्द’मध्ये आहे. दोन्ही शब्द एकाच वाटेने आले, हा योगायोग नाही. आठव्या शतकात समरकंद आणि बगदाद येथे कागद होऊ लागला, तो प्रामुख्याने चिंध्यांपासून. फाटलेले कापड, जुने दोर यांचा लगदा करून त्यावर लिहायचे, ही विद्या तेथून पश्चिमेला स्पेनपर्यंत आणि पूर्वेला हिंदुस्थानपर्यंत गेली. दख्खनमध्ये ती दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात रुजली. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हे कारागीर आले अशी तेथली परंपरा सांगते. पुढे जुन्नर हे कागदाचे नामांकित ठिकाण झाले आणि पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा वसला.

कागद्याचा कच्चा माल म्हणजे इतरांचा कचरा. फाटकी गोणपाटे, तागाचे दोर, चिंध्या, वापरून झालेली रद्दी. गोणपाटाचे बारीक तुकडे करून ते भिजवायचे, चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, पायाने चालवायच्या जड लाकडी ढेगीखाली कुटायचे, नदीवर नेऊन धुवायचे. पुन्हा चुना, पुन्हा कुटणे, पुन्हा धुणे. असे कित्येक दिवस चाले. मग तो लगदा हौदात कालवून त्यात काड्यांची बारीक चटई बसवलेली चौकट बुडवायची आणि अलगद वर काढायची. पाणी गळून गेले की चटईवर एक पातळ थर उरे. तोच कागद. त्यावर दाब देऊन पाणी काढायचे, ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचा, शाई फुटू नये म्हणून तांदळाची खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा. हौदाशी दिवसभर कमरेत वाकणारा हा माणूस पर्यावरणाचे रक्षण करत नव्हता, पोट भरत होता. पण गावातले गोणपाट त्याच्यामुळे उकिरड्यावर जात नव्हते.

या कागदावर काय काय लिहिले गेले? जमिनीचे वाद, महसुलाचे हिशेब, सनदा, खलिते, पोथ्या. पेशवे दफ्तरातले मोडी कागद असेच हाताने केलेले. इतिहासकार त्या दफ्तरातून राजे, कारभारी, सावकार, पाटील बाहेर काढतात. ज्याच्या हातून तो ताव निघाला, त्याचे नाव मात्र तावावर नसते. मराठ्यांचा इतिहास ज्या कागदावर टिकला, त्या कागदाचा इतिहास आपण जवळजवळ हरवला आहे.

इंग्रजी अमदानीत गिरणीचा स्वस्त कागद आला. तुरुंगांतून कैद्यांकडून कागद करून घेतला जाऊ लागला. १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्याला कागदाची गिरणीच उभी राहिली. कागद्यांच्या ढेग्या एकेक करून थांबल्या. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. कला वाचवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. पण तोवर अनेक कागदी घराण्यांनी दुसरे धंदे धरले होते, आणि ‘कागदी’ हे केवळ आडनाव उरले होते.

कागदी मागे पडला, तरी टाकलेले उचलण्याची गरज शहरांबरोबर वाढतच गेली. मुंबईचा कचरा शहराबाहेर नेण्यासाठी १९०६ मध्ये कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग टाकला गेला. त्यावर माणसांची वाहतूक सुरू झाली ती १९२४ मध्ये. म्हणजे चेंबूरला आधी कचरा पोहोचला, मग प्रवासी. १९२७ पासून देवनारला कचऱ्याचे डोंगर उभे राहिले आणि पुढे शहरातून हटवलेली गरीब माणसे त्यांच्या पायथ्याशी येऊन राहिली. कुर्ला, धारावी, साकीनाका, दारूखाना येथे भंगाराची आगळी दुनिया उभी राहिली. दारूखान्यात जहाजांचे लोखंड, धारावीत प्लास्टिक, चोरबाजारात जुने रेडिओ आणि ग्रामोफोन. उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या मुसलमान मजुरांनी ही दुनिया पेलली.

या साखळीची रचना नीट पाहण्यासारखी आहे. कचरा वेचणारी बहुधा दलित बाई असते, आणि तिच्याकडून घेणारा दुकानदार अनेकदा मुसलमान. दोघांनाही समाज नाक मुरडतो. पण काट्यावर एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला आपला माणूस असतो, हेही विसरून चालणार नाही. काटा खोटा असेल तर त्या अन्यायाची जबाबदारी आपलीच.

संगणक आणि मोबाइल आले आणि भंगाराचे रूपच बदलले. एक टन जुन्या मोबाइलमध्ये जितके सोने असते, तितके खाणीतल्या एक टन दगडात सहसा नसते. म्हणून गल्लीतल्या खोलीत मदरबोर्ड शेगडीवर तापवले जातात, सोन्यासाठी तेजाबात बुडवले जातात, तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. त्या धुरात शिसे असते, डायॉक्सिनसारखी विषे असतात. ढेगीने कागद्याची कंबर मोडली असेल, पण त्याच्या मुलांच्या रक्तात शिसे उतरवले नव्हते. पूर्वीच्या आणि आजच्या कामातला हा मोठा फरक आहे. ‘आमच्या लोकांचे पोट चालते’ एवढे म्हणून त्याकडे डोळेझाक करता येणार नाही.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात काही माणसे एकाएकी आजारी पडली. एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य होते. यंत्र फोडणाऱ्यांना ते कोणी सांगितले नव्हते. एका कामगाराचा त्यात मृत्यू झाला. टाकणारा शिकलेला होता आणि मेला तो उचलणारा.

ई-कचऱ्यासाठी २०११ मध्ये नियम झाले, ते १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये ते बदलले आणि २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर तिच्या कचऱ्याची जबाबदारी टाकली गेली, हे योग्यच झाले. पण नोंदणीचे रकाने कोणाचे? निर्माते, उत्पादक, दुरुस्ती करून विकणारे आणि रिसायकलिंगचे कारखानदार. हातगाडी घेऊन दारोदार फिरणाऱ्याला त्यात रकाना नाही. कामगारांची ओळख आणि नोंदणी करण्याचे काम राज्याच्या कामगार खात्याकडे दिले आहे, ते किती झाले हे कोणत्याही भंगार गल्लीत जाऊन विचारावे. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. आपल्या देशात नोंदीबाहेरचा बराचसा भार याच हातगाडीवर आहे.

रकाना मिळवता येतो, हे पुण्याने दाखवले आहे. १९९३ मध्ये तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरावेचक बायांनी ओळखपत्र मिळवले, आणि २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. त्याच पुण्याच्या शेजारी, पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडी-चिखली भागात, फेब्रुवारी २०२५ मध्ये हजारो शेड आणि गोदामे जमीनदोस्त झाली. त्यात भंगाराची गोदामे मोठ्या संख्येने होती. तेथे आगी लागत, धूर होई, हे खरेच. पण गोदाम पाडल्याने भंगार संपत नाही. ते अधिक अंधाऱ्या खोलीत जाते, आणि मजूरही त्याच्यामागे जातो.

एका संघटनेने ओळखपत्र मिळवले आणि दुसरीकडे ज्यांची संघटना नव्हती त्यांच्यावर बुलडोझर आला. आम्हाला यातून एवढेच सांगायचे आहे की भंगाराच्या दुकानदारांनी, मजुरांनी संघटित व्हावे, वेचणाऱ्या बायांना त्यात बरोबरीने घ्यावे, तेजाब आणि जाळणे सोडून बोर्ड नोंदणीकृत कारखान्यांना विकण्याची रीत धरावी. आणि आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी, शिकणाऱ्या मुलांनी या माणसांच्या आठवणी, हिशेबाच्या वह्या, धंद्याचे शब्द टिपून ठेवावेत. कागद्यांच्या वेळी हे कोणी केले नाही. त्यांनी साऱ्या मुलखाच्या दफ्तराला कागद पुरवला आणि स्वतः दफ्तराबाहेर राहिले. भंगारवाल्याच्या बाबतीत तेच पुन्हा घडू द्यायचे का, हे ठरवायला अजून वेळ गेलेली नाही.