व्याज, आधी आणि हप्ता : गृहकर्जाच्या पूर्वपीठिकेविषयी काही टिपणे

संस्कृतात 'व्याज' या शब्दाचा अर्थ निमित्त, मिष, प्रसंगी कपट असा आहे. व्याजस्तुती, व्याजोक्ती या अलंकारनामांत तो आजही शाबूत आहे. ऋणावरील वाढीला धर्मशास्त्रकार 'वृद्धी' किंवा 'कुसीद' म्हणत. मराठीत मात्र 'व्याज' म्हणजे पैशावरचा पैसाच. 'आधी' या शब्दाचेही असेच : गहाण ठेवलेली वस्तू म्हणजे आधी, आणि मनोव्यथा म्हणजेही आधी. व्युत्पत्ती निराळ्या मानल्या, तरी घर गहाण ठेवणाऱ्याला हा योगायोग फारसा चमत्कारिक वाटणार नाही.

मनुस्मृतीने दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षाला 15 टक्के, हा दर सांगितला. कौटिल्याचा धर्म्य दरही तोच. व्यापाऱ्यांसाठी त्याने दरमहा शेकडा 5, अरण्यातून जाणाऱ्यांसाठी 10 आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी 20 पण अशी चढती श्रेणी दिली आहे. जोखमीनुसार दर ठरविण्याची कल्पना अर्वाचीन नव्हे, एवढे यावरून निश्चित दिसते.

दराइतकीच महत्त्वाची होती मर्यादा. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम. 1855 मध्ये व्याजनियंत्रणाचे कायदे रद्द झाल्यावरही मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंच्या बाबतीत न्यायालयांनी तो मानला. त्याने सर्व प्रकारचे अतिरिक्त व्याज रोखले, असे मात्र समजू नये. हप्त्याहप्त्याने दिलेल्या व्याजाला तो लागू नव्हता. आजच्या गृहकर्जाचा हिशेब नेमका या फटीत बसतो. 10 लाख रुपयांचे कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 8,997 रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील 7,500 रुपये निव्वळ व्याजाचे. एकूण व्याज साडेअकरा लाखांवर, म्हणजे मुद्दलाहून अधिक जाते. आणि तरीही दामदुपटीचा भंग होत नाही.

मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील रोखे मागून जाळले. चीड कागदावर होती, हे महत्त्वाचे. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा दिली. कागद म्हणजे कथा नव्हे, कथा त्यामागे असते, असे कायद्याने मान्य केले. तुलनाकारास येथे फकीरमोहन सेनापतींची 'छमाण आठगुंठ' आठवावी : 1897 पासून क्रमशः आलेल्या या ओडिया कादंबरीत भागिया-सारिया या विणकर दांपत्याची जमीन गहाणातूनच मंगराजाकडे जाते.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने कबजेगहाण, मुदतखरेदी इत्यादी प्रकारांना व्याख्येत बांधले. त्यांतील मालकीचे दस्तऐवज धनकोच्या हाती ठेवून होणारे गहाण प्रथम कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा व्यापारी शहरांपुरतेच होते. आजच्या शहरी गृहकर्जाचे ते नित्याचे रूप आहे. 2002 च्या सरफेसी कायद्याने तर साठ दिवसांच्या नोटिशीनंतर धनकोला न्यायालयीन दाव्याविना तारणाचा ताबा घेण्याचा मार्ग दिला. 1879 चा कायदा न्यायाधीशास कागदामागे नेत होता. हा त्यालाच बाजूला ठेवतो. ही दिशा प्रस्तुत लेखकास चिंताजनक वाटते, जरी बुडीत कर्जांची अडचण खरी असली तरी.

जुन्या रोख्यात दर लिहिलेला असे. बदलत्या दराच्या कर्जात तो लिहूनही स्थिर नसतो. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची अशी नवी गृहकर्जे बाह्य मानकाशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडली गेली. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. वर म्हटलेले 10 लाख 7 टक्क्यांनी घेतले असते, तर हप्ता 7,753 रुपये असता. आरंभीच दर 9 टक्के होऊन हप्ता तोच राहिला, तर मुद्दलात महिन्याला जेमतेम 253 रुपये पडतात आणि 20 वर्षांची मुदत 38 वर्षांवर जाते. हप्ता न वाढल्याने ऋणकोला बदल जाणवतही नाही. येथे 'व्याज' शब्दाचा संस्कृत अर्थ पुन्हा डोकावतो. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश दिला, की दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, हे ऋणकोस निवडू द्यावे, आणि स्थिर दराकडे वळण्याचा पर्यायही त्याच्यापुढे ठेवावा.