वाऱ्यापासून आसरा : तळघर, माजघर आणि भिवंडीतली पत्र्याची खोली

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता : अमेरिकेत टोर्नाडोपासून वाचायला लोक घराखाली किंवा घरातच वेगळी खोली बांधतात, मग आपल्याकडे अशी खोली का नाही? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात छपरांचा इतिहास आहे आणि आपल्या भिवंडीचाही. आज आम्ही तेवढंच बोलणार आहोत.

आधी अमेरिकेचं बघू. ओक्लाहोमा, कॅन्सस या मैदानी मुलखात वस्ती करणारे शेतकरी अंगणात तळघर खणायचे. भाजीपाला, बरण्या त्यात राहायच्या आणि आभाळ काळं झालं की माणसंही तिथे उतरायची. ११ मे १९७० ला टेक्सासमधल्या लबक शहरावर टोर्नाडो आला, २६ माणसं गेली. तिथल्या विद्यापीठातले अभियंते पडझड पाहत फिरले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. घरं साफ उडाली होती, पण मधोमध असलेली छोटी न्हाणीघरं, कपड्यांच्या कोठड्या बऱ्याच ठिकाणी उभ्या होत्या. लहान खोली, जवळजवळ भिंती, बाहेरच्या वाऱ्याशी थेट संबंध नाही. त्यावरून घरातली ‘सुरक्षित खोली’ ही कल्पना आली, आणि १९९८ मध्ये तिथल्या सरकारी आपत्ती संस्थेने, म्हणजे फेमाने, तिचे नकाशे लोकांच्या हाती दिले.

आता गंमत बघा. कोकणातल्या जुन्या घरात पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, भोवती पडवी आणि मधोमध माजघर. ते वादळासाठी बांधलं असं आम्ही म्हणणार नाही. पण वाऱ्याला त्या खोलीपर्यंत पोहोचायला आधी दुसऱ्या भिंती ओलांडाव्या लागत. वर कौलं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि मंगळुरी कौल किनाऱ्यावर पसरलं. जोराच्या वाऱ्यात कौलं निघतात, फुटतात, पण सुटी सुटी. फटींतून आतला दाबही बाहेर पडतो.

मग पत्रा आला. नालीदार पत्र्याचं पेटंट लंडनच्या गोदीतले अभियंता हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतलं. हलका, स्वस्त, भराभर चढणारा. भिवंडीत हातमाग जाऊन यंत्रमाग आले, १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर धंदा आणखी वाढला, आणि कारखान्याच्या शेडवर, कारखान्यालगतच्या चाळीवर पत्राच चढला. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ७ लाखांच्या वर होती. त्यातली कितीतरी माणसं एका खोलीत राहतात. त्या खोलीला माजघर नाही. चारही भिंती बाहेरच्याच म्हणा ना.

आणि वारा पत्र्याला दाबत नाही, उचलतो. हिशोब सोपा आहे. इमारतींच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरतात. त्या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ११८ किलोचा जोर येतो. दहा फूट बाय तीन फुटांचा पत्रा घेतला तर सव्वातीनशे किलोच्या आसपास. पत्र्याचं स्वतःचं वजन दहा-पंधरा किलो! म्हणून तर लोक वर दगड, विटा, जुने टायर ठेवतात. रोजच्या वाऱ्याला ते पुरतं. वादळात तेच दगड खाली येतात, शेजारच्यांच्या डोक्यावर.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा. रायगडमध्ये नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची छपरं गेली. आदल्या दिवशीच किनाऱ्यावरची हजारो माणसं शाळांमध्ये, पक्क्या इमारतींमध्ये हलवली होती, करोना असतानाही. हे जमलं, कारण वेळ मिळाला. हाच धडा ओडिशाचा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर खांबांवर उचललेली निवारा केंद्रं गावोगाव वाढली, एरवी त्यांत शाळा भरते. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले गेले होते, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

म्हणजे आसरा कसला हवा, हे हाती वेळ किती आहे यावर ठरतं. चक्रीवादळाची खबर दिवस-दोन दिवस आधी येते, तेव्हा निवारा गावाचा चालतो. टोर्नाडोची मिनिटांवर येते, तेव्हा निवारा घरातच लागतो. आपल्याकडे टोर्नाडो क्वचित, पण मे महिन्यातला वळवाचा वारा मिनिटांचाच पाहुणा आहे. १३ मे २०२४ ला अशाच वाऱ्यात घाटकोपरचा होर्डिंग कोसळला आणि १७ जण गेले.

मग भिवंडीत खोली खणायची का? नाही. २६ जुलै २००५ आठवा. कामवारीचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरतं, तिथे तळघर म्हणजे हौद. शेजारची जुनी स्लॅबची इमारत गाठायची? तिथेही थांबा. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत कोसळली. वारा नव्हता, वादळ नव्हतं. माणसं झोपेत होती, जवळजवळ चाळीस गेली. मोडकळीला आलेला स्लॅब हा आसरा नव्हे.

ज्याची स्वतःची जागा आहे आणि जो नव्याने बांधतो आहे, त्याला आम्ही एवढंच सुचवू : मोरी तळमजल्यावर घ्या, जोतं पुराच्या खुणेच्या वर. तिला खिडकी नको, वरती झरोका पुरे. चारी कोपऱ्यांत सळईचे खांब, वर तिचा स्वतःचा स्लॅब, आणि पाया-खांब-स्लॅब यांच्या सळया एकमेकांत बांधलेल्या. दार मजबूत, कडी वर आणि खाली. स्लॅबवर पाण्याची टाकी नको. नकाशा मात्र अभियंत्याला दाखवा.

पण भाडेकरूचं काय? तो भिंत बांधू शकत नाही. पोटमाळ्यावर झोपणारा तर पत्र्याला सर्वांत जवळ. मालकाने पत्रे हुकबोल्टने लोखंडी कैचीला आणि कैची भिंतीला पक्की आवळली, तर निम्मं काम होतं. उरलेलं काम गल्लीचं : पावसाळ्याआधी पाहून ठेवायचं, कोणती इमारत धड आहे, तिची किल्ली रात्री कोणाकडे असते. वारा अचानक सुटला तर पोटमाळ्यावरून खाली, पत्र्यापासून आणि दारापासून लांब, मोरीत, पोरांच्या डोक्यावर गादी.

जुन्या घरात माजघर आपोआप मिळायचं. आताच्या खोलीत ते मिळत नाही, म्हणून ते मिळून ठरवावं लागतं. मे संपायच्या आत ठरवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.