कोपँ म्हणजे पावाचा भागीदार

फ्रेंचमध्ये जिवलग दोस्ताला ‘कोपँ’ म्हणतात. गावच्या बाजारातून पाव, चीज आणि वाइनची बाटली घेऊन चार दोस्त द्राक्षमळ्याच्या बांधावर बसले, की हा शब्द त्यांना मुळापासून लागू पडतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कोंपानियो’ असा शब्द होता. ‘कुम’ म्हणजे बरोबर आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. ज्याच्याबरोबर पाव खायचा, तो कोंपानियो. जुन्या फ्रेंचमध्ये नामाची दोन रूपं चालत. कर्त्याच्या रूपातून कोपँ आला. दुसऱ्या रूपातून, जे आपल्या सामान्यरूपासारखं होतं, ‘कोंपान्यों’ म्हणजे सोबती आला. इंग्रजीतली ‘कंपनी’ही याच घराण्यातली.

या घराण्याशी मराठीची सोयरीक जुनी आहे. पानिसचं पोर्तुगीजमध्ये ‘पाँव’ झालं आणि पोर्तुगिजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर उतरून ‘पाव’ झालं. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती घरोघरी ऐकू येते, पण ती खरी नाही. वडापावातला पाव आणि कोपँमधला पाव एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत.

अशा सोबत्यांनी फिरावं तर फ्रान्समधल्या बर्गंडीत. दिजोंहून दक्षिणेला बोन गावावरून सांतनेपर्यंत साधारण ६० किलोमीटरचा रस्ता द्राक्षमळ्यांमधून जातो. दिजों मोहरीच्या चटणीसाठी प्रसिद्ध. तिलाच जग ‘मस्टर्ड’ म्हणतं. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेल्या या शब्दात मोहरी कुठेच नाही. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मुस्तुम’ आहे, म्हणजे नुकताच गाळलेला, अजून न आंबलेला द्राक्षांचा रस. मोहरी वाटून या रसात कालवत, म्हणून नाव पडलं ते रसाचं. पुढे रस बदलला, नाव टिकलं.

या रस्त्यावरचा सर्वांत श्रीमंत शब्द म्हणजे ‘क्लिमा’. ग्रीकमध्ये ‘क्लिमा’ म्हणजे उतार. त्यावरून पृथ्वीचा पट्टा, आणि पट्ट्यावरून हवामान असा अर्थ सरकत गेला. बर्गंडीत मात्र क्लिमा म्हणजे शेताचा एक तुकडा, ज्याची हद्द ठरलेली आहे आणि ज्याला स्वतःचं नाव आहे. असे १२४७ तुकडे २०१५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ‘पेरिएर’ म्हणजे दगडाच्या खाणींची जागा. ‘जनेव्रिएर’ म्हणजे जिथे जुनिपरची झुडपं होती ती जागा. ही नावं शेतात राबणाऱ्यांनी ठेवली. दगड कुठे लागतो, काय उगवतं, हे त्यांना कुदळीनं सांगितलं होतं. इथली तांबडी वाइन बहुतेक पिनो न्वार या द्राक्षाची आणि पांढरी शार्दोनेची. तरी बाटलीवर ठळक अक्षरांत द्राक्षाऐवजी गावाचं किंवा शेताचं नाव असतं. एकाच जातीची वेल शेजारच्या दोन तुकड्यांत लावली, तरी माती, चुनखडी आणि उताराचं तोंड बदललं की चव बदलते, हा इथल्या माणसांचा अनेक शतकांचा अनुभव आहे.

उत्तम वाइनच्या मागे लावतात तो ‘क्र्यू’ शब्दही तसाच आहे. वाढणं या क्रियापदाचं ते भूतकालीन रूप. क्र्यू म्हणजे उगवलेलं. ‘क्लो’ म्हणजे कुंपणानं बंद केलेलं. १०९८मध्ये स्थापन झालेल्या सीतोच्या मठातल्या साधूंनी वूझो इथे मळा उभारला आणि त्याभोवती दगडी भिंत घातली. सुमारे ५० हेक्टरांचा हा क्लो द वूझो आजही भिंतीच्या आत आहे, फक्त मालक अनेक झाले आहेत.

चीजसाठी फ्रेंच ‘फ्रोमाज’ म्हणतात. लॅटिनमध्ये साच्यात घातलेल्या चीजला ‘कासेउस फोर्मातिकुस’ म्हणत. कासेउसपासून इंग्रजी ‘चीज’ निघालं. फ्रेंचांनी साचा ठेवला. आधी ‘फोर्माज’ होतं, मग ‘र’नं उडी मारली. मराठीत नुकसानाचं ‘नुसकान’ होतं, तोच हा वर्णविपर्यय.

द्राक्षतोडणीला ‘वांदांज’ म्हणतात. लॅटिन ‘विन्देमिया’ म्हणजे वाइनसाठी फळ काढून घेणं. क्रांतीनंतर १७९३मध्ये फ्रान्सनं नवं कॅलेंडर केलं, तेव्हा वर्षाचा पहिला महिना सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होई आणि त्याचं नाव या तोडणीवरून ‘वांदेमिएर’ ठेवलं होतं. राज्य उलथवणाऱ्यांनाही वर्षारंभासाठी सुगीचाच शब्द सापडला.

तोडणी संपली की बर्गंडीत मालक आणि मजूर एका मेजावर जेवतात. या जेवणाला ‘पोले’ म्हणतात. मर्सो गावात नोव्हेंबरमध्ये मोठी पोले भरते आणि पाहुणे आपापली बाटली घेऊन येतात, ती शेजाऱ्यालाही ओततात. पाव, रस, उतार, भिंत, साचा, तोडणी: ज्या शब्दांना आज महागड्या हॉटेलांचा वास येतो, ते सगळे राबणाऱ्या हातांचे आणि वाटून खाण्याचे शब्द आहेत. वाइनची चव कळायला जीभ तयार लागते, हे खरंच. पण त्या मेजावर बसायला एकच पात्रता लागते, आणि ती कोपँ या शब्दानं केव्हाच सांगून ठेवली आहे: आपल्यातला अर्धा पाव दुसऱ्याला देता आला पाहिजे.