मातीचे सोळा आणे

आम्ही कवी ‘काळी आई’ म्हणून मोकळे होतो. पण सारा बसवायचा तर तिची प्रत ठरवावी लागते. मुंबई इलाख्यात प्रिंगलसाहेबांची आकारणी शेतकऱ्यांना पेलली नाही. गावं ओस पडू लागली. म्हणून १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पाहणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले.

या कामाला प्रतबंदी म्हणत. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात मातीची खोली, रंग आणि पोत पाहायचा. खोल, काळी, एकजीव माती सोळा आणे. उथळ, भरड माती दोन आणे. अशा एकूण नऊ प्रती. चुनखड, वाळू, उतार असा दोष दिसला की प्रत खाली उतरे. सगळ्या भागांची सरासरी ही शेताची प्रत.

मला मोल वाटतं ते या दोषांच्या नोंदीचं. कारकुनाच्या नजरेतून चुनखड निसटली, तर हलक्या रानावर भारी जमिनीचा सारा बसे, तोही सहसा तीस वर्षांसाठी. आज नागपूरची राष्ट्रीय संस्था मातीची पाहणी करते, ती साऱ्यासाठी नव्हे, जमिनीचा योग्य वापर ठरवण्यासाठी. खोली, रंग आणि पोत मात्र अजूनही पाहावेच लागतात.